फ्रीडायव्हिंगचे फिन्स: प्लास्टिक, फायबर की कार्बन?

टिबुकली

नमस्कार. वर्षभर इथले धागे नुसते वाचत होते, आज पहिल्यांदा स्वतः काढतेय.

दीड वर्षापासून फ्रीडायव्हिंग, म्हणजे हवेची टाकी न घेता एका श्वासात खोल डुबकी, करतेय. आठवड्यातून दोनदा पूल आणि जमेल तेव्हा समुद्र. दोराच्या कडेने किक मारत खाली जायचं आणि तसंच वर यायचं, हे १८ मीटरपर्यंत आता नेहमीचं झालंय. २० मीटर दोनदा झालं. वजन ५८ किलो. पाय युरोपियन मापात ३८, पण चवड्याला रुंद. सूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) ३ मिमीचा.

फिन्स (पायात घालायचं बुटासारखं रबरी फुटपॉकेट आणि त्याला पुढे लांब पातं) आजवर उसनेच वापरले. लांब, काळ्या प्लास्टिकचे, एक माप मोठे. आत जाड मोजे घालून भागवते. अडचण अशी की तळाहून निघाल्यावर पहिल्या चार-पाच किकमध्येच मांड्या भरून येतात. गेल्या महिन्यात तर वर येताना १२ मीटरवर उजव्या पोटरीत गोळा आला. जोडीदार समोरच होता, त्याने दंडाला धरून वर आणलं. काही झालं नाही, पण तेव्हापासून तो प्रसंग मनातून जात नाही. माझा दम शिल्लक असतो आणि पाय संपतात.

आता स्वतःचे फिन्स घ्यायचे आहेत. ज्याला विचारावं तो कार्बनचं पातं घे म्हणतो. खरंच तेवढा फरक पडतो का? पात्याच्या कडकपणात सॉफ्ट, मीडियम, हार्ड यातलं माझ्यासाठी कुठलं? आणि फुटपॉकेट घालून न बघता नुसत्या मापावरून मागवावं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

पाणकावळा

गोळा आला तेव्हा जोडीदार हाताच्या अंतरावर होता, हे वाचून बरं वाटलं.

तुमचे प्रश्न बरोबर आहेत, फक्त क्रम उलटा लावा. आधी फुटपॉकेट, मग कडकपणा, आणि कार्बन की फायबर (फायबरग्लास) हे अगदी शेवटी. बहुतेक जण शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि मग न बसणाऱ्या फुटपॉकेटमध्ये उत्तम पातं लावून वर्षभर पाय दुखवून घेतात. गेल्या काही वर्षांत माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी ज्यांनी फिन्स बदलले, त्यांतल्या बहुतेकांना पात्यापेक्षा फुटपॉकेट बदलल्याचा फायदा जास्त झाला.

पायातली ताकद पात्यापर्यंत पोचायला तो एकच रस्ता आहे. टाच आत अर्धा सेंटिमीटर जरी वरखाली होत असली, तरी दर किकची सुरुवात ती पोकळी भरण्यातच जाते. पातं वाकायला लागतं ते त्यानंतर. शिवाय सैल फिन निसटेल म्हणून आपण नकळत बोटं आवळून धरतो. बोटं आवळली की पोटरी आखडते, आणि ती तशीच आखडलेली राहून वीस-पंचवीस किक मारते. तुमच्या गोळ्याचं मूळ मला इथेच दिसतं. एक माप मोठं फुटपॉकेट जाड मोज्याने भरून काढलं तरी मोजा दबत राहतो, त्यामुळे पकड कधी येतच नाही.

फुटपॉकेट बसतंय का हे पाहायचं तर ज्या मोज्यांवर डाइव्ह करणार तेच मोजे घाला. १.५ मिमी आणि ३ मिमीच्या मोज्यात कधी कधी एका मापाचा फरक पडतो. मोजे ओले करा, खुर्चीत बसून फिन चढवा, पाय अधांतरी धरून घोट्यातून जोरात हलवा. टाच जागची सुटता कामा नये. बोटं मात्र थोडी हलली पाहिजेत. मग दहा मिनिटं तसेच बसून राहा. तेवढ्यात मुंग्या आल्या किंवा करंगळीशी रबर बोचायला लागलं, तर पाण्यात तासाभराने ते सहन होणार नाही. फार घट्ट फुटपॉकेटनेही गोळे येतातच, कारण तळपायाचा रक्तप्रवाह अडतो.

नुसत्या मापावरून मागवू नका. ३८ म्हणजे लांबी. रुंदी आणि पायाच्या पाठीची उंची त्यात येत नाही. एका कंपनीचं ३८-३९ दुसऱ्या कंपनीच्या ३६-३७ एवढं निघतं, आणि पाय रुंद असेल तर हा घोळ आणखी वाढतो.

आता कडकपणा. पातं वाकवायचं काम मांड्या आणि नितंबांचे स्नायू करतात. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू हेच, त्यामुळे ऑक्सिजन खाणारेही हेच. पाय झेपेल त्याहून पातं कडक असेल तर पहिल्या दोन किकमध्ये फार छान वाटतं, जोरात पुढे जातो. त्या दोन किकवर भुलून लोक कडक फिन्स घेतात. तिसऱ्या-चौथ्या डाइव्हपासून मांड्या पेटतात, मग किक गुडघ्यातून व्हायला लागते, आणि गुडघ्यातून मारलेली किक म्हणजे पाण्यातली सायकल. तुमचं वजन, सूट आणि खोली पाहता सॉफ्ट घ्या. यात मला शंका नाही. ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या, भक्कम पायांच्या, प्रवाहात उतरणाऱ्या माणसाला मी मीडियम सांगेन. हार्ड मी आजवर फार थोड्यांना सुचवलंय.

एक अडचण आहे. कडकपणाचं सगळ्यांना लागू होईल असं एक माप नाही. कुणी सॉफ्ट-मीडियम लिहितं, कुणी आकडे देतं, आणि एकाचं सॉफ्ट दुसऱ्याच्या मीडियमएवढं निघू शकतं. म्हणून पातं हातात घेऊन बघा. फुटपॉकेट धरून टोक जमिनीला टेकवा आणि हळूहळू दाबा. पातं मुळापासून टोकापर्यंत वेताच्या छडीसारखं एकसारखं वळत गेलं पाहिजे. एकाच जागी बिजागरीसारखं वाकणारं पातं घेऊ नका, ते किती का महाग असेना.

शिंपला

पाणकावळा यांच्या फुटपॉकेटवरच्या शब्दन् शब्दाला अनुमोदन.

माझाही पाय असाच, लांबीला लहान आणि चवड्याला पसरट. पहिले फिन्स मापाचा तक्ता बघून मागवले होते. कंपनीचं नाव घेत नाही. तक्त्यात ३७ लिहिलं होतं, आलं ते इतकं अरुंद की करंगळीच्या बाजूला दर वेळी फोड यायचा. वापरून वापरून सैल पडतील अशी आशा धरली. रबर थोडं मऊ पडतं, पण हाडाच्या जागी ते मागे सरत नाही. आठ महिने मी तो फोड घेऊन डाइव्ह केल्या आणि किक बिघडवून बसले, कारण दुखऱ्या बाजूवर भार नको म्हणून पाय तिरका मारायची सवय लागली. ती सवय मोडायला फिन्स बदलल्यावरही बरेच महिने लागले.

दुसरे घेताना तीन वेगवेगळी फुटपॉकेट घालून पाहिली, मग त्याला चालणारी पाती शोधली. लांब फिन्सची पाती बहुधा वेगळी मिळतात आणि फुटपॉकेटला तळाकडून स्क्रूने बसतात. फक्त त्या पात्याचं मूळ त्या फुटपॉकेटच्या खाचेत बसतं ना, ते आधी विचारून घ्या.

थोडंसंच घट्ट असेल तर फुटपॉकेट गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून, मोजा घालून, पाय आत घालून तसंच गार होऊ द्यायचं, हा उपाय काही जणांना लागू पडतो. उकळतं पाणी नको आणि पातं काढून ठेवायचं. पण त्याने एका मापाची चूक भरून निघत नाही.

सागरगोटे

क्रमाबद्दल सहमत. पण कार्बनला इतकं शेवटी ढकलू नये असं मला वाटतं.

फिन म्हणजे शेवटी एक स्प्रिंग. वाकवायला जी ताकद लावली ती पातं सरळ होताना परत मिळते. प्लास्टिकमध्ये त्यातली बरीचशी आतल्या आत जिरते, आणि जे परत मिळतं तेही सावकाश. पाय उलट दिशेला निघालेला असतो, तरी पातं मागच्याच किकमध्ये अडकलेलं असतं. कार्बन झटकन सरळ होतो. त्यामुळे किक लहान ठेवता येते, आणि लहान किक म्हणजे पाण्याचा अडथळा कमी. शिवाय कार्बनच्या पात्यात कापडाचे थर मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी असे लावता येतात, म्हणून ते कुठे किती वाकावं हे ठरवता येतं. वजनाचा फरकही मोठा. बोयापर्यंत (दोर बांधलेल्या तरंगत्या खुणेपर्यंत) तीन-चारशे मीटर पोहत जायचं असेल तर तिथेच पाय अर्धे दमतात. प्लास्टिकनंतर कार्बन घातल्यावर मला पहिल्या दिवशी पायात फिन्स आहेत की नाहीत असं वाटलं होतं.

सॉफ्ट कार्बन मिळतो. म्हणजे टिबुकली यांना पाणकावळांचा सल्ला पाळूनही कार्बन घेता येईल.

खंड्या

सागरगोटे, सगळं मान्य. पण तुम्ही बोटीवरून उतरता की खडकांवरून?

मी कायम खडकांवरून उतरतो. माझ्या कार्बनला नऊ महिन्यांत कडेला बारीक चीर गेली. लाटेने ढकललं, पात्याचं टोक कपारीत गेलं, एवढंच निमित्त. ती चीर हळूहळू आत सरकत गेली आणि पुढे एका किकला पातं अर्ध्यातून तुटलं. ८ मीटरवर होतो, जोडीदार वरून बघत होता, निवांत वर आलो. हेच २५ मीटरवर झालं असतं तर? कार्बन वाकायला उत्तम, पण टोकदार मार त्याला सोसत नाही. त्यानंतर फायबरग्लास घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. ओरखडे पुष्कळ आहेत, चीर एकही नाही.

फायबरलाही तसेच थर, तसंच इपॉक्सी (थर जोडणारा राळेसारखा डिंक). फक्त कार्बनच्या धाग्यांऐवजी काचेचे धागे. वजन कार्बनपेक्षा थोडं जास्त, परत मिळणारी ताकद थोडी कमी. पण प्लास्टिकवरून फायबरवर येताना जेवढा फरक जाणवला, तेवढा कार्बनवरून फायबरवर येताना मुळीच जाणवला नाही. माझ्या मते खरी उडी पहिल्याच पायरीवर आहे.

सागरगोटे

बोटीवरून. तुमचा मुद्दा रास्त आहे. खडकांवरून उतरणाऱ्याला मीही फायबरच सांगेन. मात्र "फरक मुळीच जाणवला नाही" हे ३० मीटरच्या आतल्या डाइव्हसाठी खरं असावं. चाळीस मीटरच्या पुढे मला तो जाणवतो.

खंड्या

चाळीस मीटरचा मला अनुभव नाही, त्यामुळे तिथलं तुमचं ऐकतो.

भरतीओहोटी

मध्येच विचारतो, माफ करा. मी अजून पहिला कोर्सही केलेला नाही. स्नॉर्केलिंगचे आखूड फिन्स आहेत. ते चालतील का, की आत्ताच लांब घ्यावेत?

दीर्घश्वास

भरतीओहोटी, चालतील. आधी कोर्स करा. कोर्सच्या ठिकाणी लांब फिन्स मिळाले तर तिथेच दोन-तीन प्रकारचे घालून बघा. आखूड फिन्सवर चुकीची किक लगेच लक्षात येते, कारण पुढे जायला होत नाही. लांब पात्यावर चुकीची किकही खपून जाते आणि तशीच अंगवळणी पडते. मी अजूनही पूलमध्ये निम्मा सराव आखूड फिन्सवर करतो.

मोनोफिनचं (दोन्ही पाय एकत्र बसतात असा एकच रुंद फिन) कुणी काढलं नाही म्हणून थोडं लिहितो. फिनमुळे किती फरक पडतो हे बघायचं तर आकडे बोलके आहेत. विल्यम ट्रुब्रिज याने २०१६ मध्ये बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये फिन्सशिवाय, नुसत्या हातापायांनी १०२ मीटर गाठले. मोनोफिनवर १०१ मीटर जाऊन नतालिया मोल्चानोवा ही कॉन्स्टंट वेटमध्ये (लावलेलं वजन न सोडता स्वतःच्या ताकदीने खाली जाऊन वर यायचा प्रकार) शंभरी ओलांडणारी पहिली स्त्री ठरली, ते २००९ मध्ये. बायफिन्स, म्हणजे आपले दोन सुटे फिन्स, मुख्यतः पाण्याखाली माशांची शिकार करणाऱ्यांचं साधन मानले जायचे. आयडा या फ्रीडायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्यासाठी स्वतंत्र विक्रमप्रकार २०१९ पासून धरला आणि २०२२ मध्ये अर्नो जेराल्ड या फ्रेंच डायव्हरने त्यावर १२० मीटर केले.

मोनोफिन वेगवान आहे, पण त्याची लाट छातीपासून सुरू होते. खांदे मोकळे लागतात, कंबर मोकळी लागते, आणि जोडीदाराला सांभाळायला पटकन वळणं त्यात जमत नाही. दोरावरच्या स्पर्धेच्या सरावासाठी ठीक. टिबुकली, तुम्ही आत्ता बायफिन्सच घ्या.

तळठाव

धागा उशिरा पाहिला. पाणकावळांनी बहुतेक सगळं लिहिलं आहे. दोन गोष्टी राहिल्या आहेत, आणि त्या फिन्सच्या आधीच्या आहेत.

पहिली, बुडायला मदत म्हणून कमरेच्या पट्ट्यावर लावतो ते वजन. वरून निघताना फुप्फुसे भरलेली असतात, सूटमध्ये हवा असते, पाणी आपल्याला वर ढकलते. १० मीटरवर दाब २ बार होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. २० मीटरवर ३ बार, म्हणजे एक तृतीयांश. सूटही चेपतो. त्यामुळे वाटेत एक जागा अशी येते की शरीर तरंगतही नाही आणि बुडतही नाही. त्याच्या खाली किक थांबवली तरी आपण खाली जात राहतो. परत येताना हाच हिशेब उलटा होतो. तळापासून त्या जागेपर्यंत सगळे ओझे पायांनी ओढायचे, पुढे पाणीच वर आणते. पट्ट्यावर वजन जास्त असेल तर ती जागा वर सरकते. उतरताना फार सोपे वाटते, आणि त्या सोपेपणाची किंमत परतीच्या वाटेवर मांड्या देतात. तळाहून निघताना पहिल्या चार-पाच किकमध्येच मांड्या भरतात, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मला फिन्सआधी पट्ट्याचा संशय आला. किती वजन लावता, आणि किती खोलीवर तरंगतही नाही, बुडतही नाही असे होते?

दुसरी गोष्ट तुमच्या एका वाक्याबद्दल. "दम शिल्लक असतो." मला हे वाक्य काळजीचे वाटले. श्वास घ्यावासा वाटणे हे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. ऑक्सिजन किती उरला आहे हे शरीर तितक्या भरवशाने सांगत नाही. २० मीटरवरून वर येताना बाहेरचा दाब ३ बारवरून १ बारवर येतो आणि फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही त्याबरोबर घसरतो. शेवटच्या १० मीटरमध्ये तर तो निम्मा होतो. शुद्ध हरपण्याचे बहुतेक प्रकार याच टप्प्यात किंवा डोके पाण्याबाहेर आल्यावर लगेच होतात. त्याआधी दम शिल्लक आहे असेच वाटत असते. थकलेल्या मांड्यांनी ऑक्सिजन आधीच जास्त घेतलेला असतो, हे त्यात धरा.

म्हणून नवे फिन्स आल्यावर निदान महिनाभर खोली वाढवू नका. पाय हलके पडले की २५ मीटर सहज होतील असे वाटेल. जोडीदाराने वर येतानाच्या शेवटच्या १० मीटरमध्ये समोरासमोर यायचे आणि तुम्ही बाहेर आल्यावरही ३० सेकंद नजर हलवायची नाही. हे चालू असेलच, तरी लिहितो.

पुन्हा गोळा आला तर त्या पायाने किक मारत राहू नका. दोर धरा आणि हातांनी ओढत वर या. जड वाटले तर पट्टा सोडा, पट्टा पुन्हा मिळतो. वर आल्यावर पाठीवर तरंगत, पाय सरळ ठेवून, पात्याचे टोक स्वतःकडे ओढले की पोटरी ताणली जाते आणि गोळा उतरतो.

टिबुकली

सगळ्यांचे मनापासून आभार. तळठाव, तुमचा प्रतिसाद मी आणि माझ्या जोडीदाराने एकत्र बसून वाचला.

वजन ४ किलो लावत होते. कोर्सच्या वेळी ५ मिमीच्या सूटवर ठरवलेलं, सूट बदलल्यावर मी ते कधी बदललंच नाही. काल तपासलं. ६ मीटरवरच मी तरंगतही नव्हते आणि बुडतही नव्हते. म्हणजे १८ मीटरच्या डाइव्हमध्ये परतीचे १२ मीटर मी ओझं ओढत होते. आता २.५ किलोवर आलेय, आणि ती जागा ११ मीटरच्या जवळपास सरकलीय. खाली जाताना पहिले काही मीटर जास्त जोर लागतो, पण वर येताना जुन्याच फिन्सवरही मांड्या पूर्वीइतक्या भरल्या नाहीत.

आता फिन्स. आमच्या गटात एकीकडे मीडियम कार्बन आहे, दुसऱ्याकडे सॉफ्ट फायबर. दोघांचे पाय माझ्यापेक्षा एखाद मापानेच मोठे आहेत. तुलना कशी करू? नुसत्या किक मोजाव्यात का?

पाणकावळा

वजन आधी दुरुस्त केलंत हे फार उत्तम. आता ते २.५ वरच ठेवा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

नुसत्या किक मोजू नका. मऊ पात्यावर किक थोड्या जास्त लागतात, पण प्रत्येक किक स्वस्त पडते. किक मोजून निवडलं तर दर वेळी कडक पातं जिंकेल. मोजायच्या तर त्यासोबत वर यायला लागलेला वेळ नोंदवा. साधारण सेकंदाला एक मीटर हा वेग धरून चला. आणि मुख्य म्हणजे पहिली डाइव्ह मोजूच नका. चौथ्या-पाचव्या डाइव्हनंतर मांड्या काय म्हणतात ते लिहून ठेवा. दोन जोड एकाच दिवशी नको, दुसऱ्या जोडीच्या वाट्याला दमलेले पाय येतात. खोली १५ मीटरच्या पुढे नेऊ नका.

जोडीदाराला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. त्यात गुडघा बघा. मांडी पुढे-मागे सारखीच जाते का, की पुढची किक मोठी आणि मागची नुसती ओढलेली? मागची किक सुटत असेल तर बहुतेक वेळा पातं झेपत नाहीये असं समजायचं.

आधी लिहायचं राहिलं. पात्याचा कलही बघा. पाय कितीही ताणला तरी तळपाय नडगीच्या अगदी रेषेत येत नाही, म्हणून पातं फुटपॉकेटला साधारण २० ते ३० अंश कलवून बसवलेलं असतं. जुन्या प्लास्टिकच्या फिन्समध्ये हा कल बरेचदा फार कमी असतो. तो फरक घोटा ताणून आपण भरतो, म्हणजे पुन्हा पोटरीवरच भार.

शिंपला

वाचतेय. टिबुकली, निकाल इथे नक्की लिहा, माझ्यासारख्या रुंद पायवाल्यांना उपयोग होईल.

टिबुकली

पाच आठवड्यांनी परत आलेय.

१५ मीटरच्या डाइव्ह, दर जोडीला दोन वेगळे दिवस, रोज पाच डाइव्ह. मीडियम कार्बनवर वर यायला सरासरी १४ किक आणि १५ सेकंद. सॉफ्ट फायबरवर १७ किक आणि १६ सेकंद. माझ्या जुन्या प्लास्टिकवर १९ किक आणि १८ सेकंद. एवढ्यावर थांबले असते तर कार्बनच घेतला असता. पण कार्बनच्या दोन्ही दिवशी तिसऱ्या डाइव्हनंतर मांड्या भरल्या, आणि व्हिडिओत पाचव्या डाइव्हला डावा गुडघा वाकलेला स्पष्ट दिसतो. मागची किक जवळजवळ नाहीच. फायबरवर पाचवी डाइव्ह पहिलीसारखीच दिसते. मी तो व्हिडिओ जोडीदाराला पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, कारण आपले पाय इतके सारखे चालताना मी कधी पाहिले नव्हते.

फुटपॉकेटसाठी दोन ठिकाणी जाऊन पाच वेगवेगळी घालून पाहिली. चार चवड्याला लागली. पाचव्यात १.५ मिमीच्या मोज्यावर टाच घट्ट बसली आणि बोटं मोकळी राहिली. पंधरा मिनिटं घालून बसले, काही बोचलं नाही. त्यालाच बसणारी सॉफ्ट फायबरची पाती घेतली. पुढे कधी पाय तयार झाले तर त्याच फुटपॉकेटला कार्बन लावता येईल, हे विचारून घेतलंय.

नव्या जोडीवर आतापर्यंत बावीस डाइव्ह झाल्या, सगळ्या १८ मीटरच्या आत. गोळा एकदाही आला नाही. यात वजनाचा वाटा किती, फुटपॉकेटचा किती आणि पात्याचा किती, हे मला नीट वेगळं करून सांगता येणार नाही. तरी माझा कौल पहिला वजनाला आणि दुसरा फुटपॉकेटला.

आता एकच. पात्यांना इतके दिवस कुणाचं तरी दुसऱ्याचं म्हणून जपलं, आता स्वतःचं म्हणून काय काय करायचं?

खंड्या

अभिनंदन! दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, फुटपॉकेटच्या आतून आणि पातं जिथे रबरात शिरतं त्या खाचेतही, तिथे वाळू साठते. सावलीत वाळवा. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, इपॉक्सी आणि रबर दोन्ही खराब होतात. ठेवताना आडवे किंवा टांगून. पात्याच्या टोकावर उभे करून ठेवले की वाक धरतात.

फिन्स घालून जमिनीवर चालू नका. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन घाला, उथळात चालावंच लागलं तर उलटं चाला. महिन्यातून एकदा दोन्ही कडांवरून बोट हळू फिरवा. धागा टोचला तर तिथे बारीक पॉलिश पेपर मारून पातळ इपॉक्सीचा हात द्या. तळाचे स्क्रूही तेव्हाच तपासा, ते हळूहळू ढिले होतात.

टिबुकली

स्क्रू आत्ताच बघितले. डाव्या फिनचा एक खरंच ढिला होता. घट्ट केला. शनिवारी समुद्रावर जातोय, १८ मीटरच.